कैगाचं वारं आणि मामांचा माड

दिवाळीनंतर आजोळी, काणकोणातल्या लोलयेला गेले होते. चहा होतो न होतो तोच मामांनी पडवीत माझ्यापुढे एक नारळ आणून ठेवला. लहानखुरा, एका बाजूने चेपलेला, टोपीपासून खाली तपकिरी भेगा पडलेला. कुणी जांभ्या दगडावर घासून काढावा तसा.

"बाये, तू कॉलेजात झाडंच शिकवतेस ना? मग सांग, हे कैगामुळे होतं का? थंडीच्या दिवसांत सकाळचं गार वारं तिकडूनच येतं."

कैगा म्हणजे कारवारजवळचं अणुऊर्जा केंद्र. मी नखाने नारळाची टोपी उचकटली. टोपीखालचा भाग पांढरा, कोवळा असतो. तिथे एक पिवळसर, तिकोनी डाग होता. भिंग धरून उन्हाकडे वळवलं, तर डागाच्या कडेला पांढुरके, लांबट ठिपके अगदी सावकाश सरकत होते. हा नारळावरचा कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. १९९८ मध्ये तो केरळात आढळला आणि मग नारळ पिकवणाऱ्या बहुतेक भागांत पसरला. मामांच्या माडांचं दुखणं हेच होतं, कैगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं तेव्हा त्यांना ते पटलं.

पण मामांचा प्रश्न संपला नव्हता. "बरं, हा कोळी झाला. पण समजा, उद्या खरंच तिकडून काही आलंच, तर माडाला ते कळणार कसं? आणि माडाकडे बघून आपल्याला कळणार कसं?"

त्या संध्याकाळी मी जमेल तसं सांगितलं. घरी आल्यावर वाटलं की हे नीट लिहायला हवं. काणकोणात, कारवारात हा प्रश्न मनात असणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांना बहुधा दोनच उत्तरं मिळतात: "काही होत नाही" किंवा "सगळं संपलं". दोन्हींतून काहीच समजत नाही.

ऊब आणि राख

चुलीपुढे हात धरला की ऊब लागते. हात मागे घेतला की ऊब संपते. हातातून काही ती पुढे दुसऱ्याला लागत नाही. पण चुलीतली निखाऱ्यासकट राख हाताला चिकटली, तर चुलीपासून कितीही लांब गेलात तरी ती भाजतच राहते.

किरणं म्हणजे ऊब आणि किरणोत्सर्गी कण म्हणजे ती निखाऱ्याची राख. क्ष-किरण किंवा गॅमा किरण झाडावर पडले, आरपार गेले, की झाड स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेली सोलं अंधारात उजेड देत नाहीत, तसंच हे. पण सिझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडिन यांचे किरणोत्सर्गी अणू पानावर बसले किंवा मुळातून आत गेले, तर ते तिथेच राहून, फुटत फुटत किरणं सोडत राहतात. किती काळ? ते त्या अणूवर अवलंबून. आयोडिन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. सिझियम-१३७ ला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात.

मोजमापाचे दोन शब्द लागतील. एका सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकरेल. हेन्री बेकरेल यांना १८९६ मध्ये युरेनियमच्या क्षारातून निघणारी ही किरणं पहिल्यांदा सापडली, त्यांचंच नाव. आणि त्या किरणांची किती ऊर्जा प्रत्यक्ष शरीरात किंवा झाडात जिरली, ते मोजायचं माप म्हणजे ग्रे. बेकरेल म्हणजे निखारे किती, ग्रे म्हणजे चटका किती बसला.

निखारे तर आपल्या सगळ्यांतच आहेत. निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग, दहा हजारांत साधारण एक अणू, पोटॅशियम-४० चा असतो, आणि तो किरणोत्सर्गी आहे. एक ग्रॅम पोटॅशियममागे सुमारे ३१ बेकरेल. केळ्यात तो असतो, आडसराच्या, म्हणजे शहाळ्याच्या पाण्यात असतो. एका चांगल्या भरलेल्या आडसरात साधारण २० बेकरेल धरायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ४ हजारांहून जास्त. पृथ्वी झाली तेव्हापासूनचा हा पोटॅशियम आहे आणि जीव त्याच्यासकटच वाढले. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तिथली किरणं इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याच पट्ट्यात माड उभे आहेत.

तेव्हा "किरणोत्सर्ग आहे का" या प्रश्नाचं उत्तर कुठेही "आहे" असंच येणार. विचारायचं ते हे: किती, कुठला, आणि झाडाच्या कुठल्या भागात.

झाडाच्या आत काय मोडतं

पेशीत सगळ्यात जास्त असतं पाणी. किरण पाण्याच्या रेणूला फोडतो, त्यातून अतिशय चिडखोर तुकडे तयार होतात आणि ते शेजारी जे सापडेल त्याला डसतात. शेजारी डीएनए सापडला तर त्याचा धागा तुटतो. दोनपैकी एक धागा तुटला तर पेशी समोरच्या धाग्यावरून बघून तो शिवते. दोन्ही एकाच जागी तुटले, तर शिवण चुकायची शक्यता वाढते.

प्राण्यांत अशी चुकलेली पेशी मोकाट वाढली तर कर्करोग होतो आणि अंगभर पसरतो. झाडाची पेशी भिंतीत चिणलेली असते, ती जागा सोडून हिंडू शकत नाही. म्हणून झाडाला गाठ आली तरी ती तिथेच राहते. शिवाय झाडांत एक पहारेकरी प्रथिन असतं, त्याचं नाव सॉग-१. डीएनए तुटल्याची खबर मिळाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्तीची माणसं बोलावतं. फारच मोडतोड असेल तर त्या पेशीला मरू देतं.

मग झाडाची नाजूक जागा कुठली? जिथे पेशी सतत विभागत असतात ती: शेंडा, मुळांची टोकं, कळ्या. जुनं खोड, पिकलं पान यांना तेवढा धक्का बसत नाही. मी मामांना म्हटलं, गेंड्या भुंगा माडाचा कोंब खातो तेव्हा काय होतं ते आठवा. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाचा सगळा जीव मात्र शेंड्यातल्या एकाच कोंबात. तो गेला की साठ फुटांचा माड उभ्या उभ्या खांब होतो. किरणांचा मारा शेवटी असाच शेंड्यावर येतो.

फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांजवळच्या जंगलात जपानी शास्त्रज्ञांना हेच दिसलं. २०११ च्या अपघातानंतर तिथल्या फर जातीच्या काही कोवळ्या झाडांचा मधला शेंडाच नाहीसा झाला होता. झाड जिवंत, हिरवं, पण वर जाणारा दांडा नाही. बाजूच्याच फांद्या फुटलेल्या. जिथे किरणोत्सर्ग जास्त, तिथे अशी झाडं जास्त. चेर्नोबिलच्या आसपास नंतर उगवलेल्या पाइनमध्येही असेच झुडपासारखे आकार आढळले आहेत.

लाल झालेलं रान

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. पश्चिमेला पाइनचं रान होतं. तिथे धूळ आणि कण इतके पडले की काही आठवड्यांत हिरव्या सुया विटकरी रंगाच्या झाल्या आणि झाडं मेली. आजही त्या जागेला लाल रान म्हणतात. मेलेली झाडं बुलडोझरने पाडून चरांत पुरावी लागली.

मला मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून एक गोष्ट धरून ठेवते: त्याच रानातले बर्च वाचले. जमीन तीच, धूळ तीच. पाइन मेला, बर्च उभा राहिला.

याचं एक उत्तर चेर्नोबिलच्या बरंच आधी मिळालं होतं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अर्नोल्ड स्पॅरो यांनी निरनिराळ्या वनस्पतींना किरणं देऊन पाहिली. त्यांना आढळलं की ज्या झाडाच्या पेशीत गुणसूत्रांचा पसारा मोठा, ते झाड कमी किरणांत मरतं. पटण्यासारखंच आहे. अंधारात दगड मारले तर मोठ्या दाराला जास्त लागणार. भाताच्या डीएनएत सुमारे ४० कोटी अक्षरं आहेत, माणसाच्या ३ अब्ज, आणि पाइनच्या २० अब्जांहून जास्त! त्यातून पाइनच्या सुया वर्षानुवर्षं झाडावरच असतात, म्हणजे पडलेली धूळ तशीच अंगावर.

त्याच ब्रुकहेवनला १९६१ मध्ये जॉर्ज वुडवेल यांनी ओक आणि पाइनच्या एका रानाच्या मधोमध सिझियम-१३७ चा जबर स्रोत ठेवला. दिवसातले २० तास तो उघडा असे. मग जमिनीत उतरवून बंद करायचे आणि माणसं आत जायची. काही महिन्यांत रानात वर्तुळं उमटली. स्रोताच्या अगदी जवळ फक्त शेवाळ आणि दगडफूल. त्याच्याबाहेर लव्हाळ्यासारखं गवत. मग झुडपं. मग ओक. आणि पाइन सगळ्यात लांबच्या वर्तुळात. उंच, दिमाखदार झाडं आधी गेली. जमिनीलगत सरपटणारी टिकली. वाऱ्यापावसाने उघड्या पडलेल्या आपल्या सड्यांवर काय उगवतं, ते आठवलं की हा क्रम अनोळखी वाटत नाही.

या सगळ्या अभ्यासांवरून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९२ मध्ये एक रेघ आखली: दिवसाला १० मिलिग्रेच्या खाली किरणं असतील तर जमिनीवरच्या वनस्पतींच्या एकूण वस्तीला धोका दिसत नाही. आपल्याभोवती नेहमी असतात त्या किरणांच्या हजारपटीहून ही रेघ वर आहे. आणि म्हणूनच मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आवडलं नाही: माड बघून काही कळणार नाही. माडाला दिसण्यासारखं काही होईल, तोवर माणसासाठी फार उशीर झालेला असेल. माणसाचा जीव ४-५ ग्रेमध्ये धोक्यात येतो. भाताचं कोरडं बियाणं २०० ग्रे खाऊनही रुजतं. इथे झाड आपला पहारेकरी होऊ शकत नाही, त्यासाठी यंत्रंच हवीत.

पानावरचे ठिपके

फुकुशिमाच्या अपघातानंतर, मार्च २०११ मध्येच, तिथून सुमारे १७० किलोमीटरवर त्सुकुबा शहरात हवेच्या गाळणीवर काही कण अडकले. सूक्ष्मदर्शकाखाली ते गोल निघाले, काचेच्या मण्यांसारखे, सुमारे २ मायक्रॉनचे. आपला केस याच्या तीसपट तरी जाड असतो. आत सिझियम बंद. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली, कारण तोवर समज असा की सिझियम पावसाच्या पाण्यात विरघळूनच खाली येतं. हे मणी पाण्यात विरघळत नव्हते.

ते झाडावर दिसतात कसे, ते सांगते. पान वाळवून, दाबून, किरणांची छाप घेणाऱ्या एका खास पत्र्यावर अंधारात ठेवायचं. काही दिवसांनी पत्रा वाचला की पानाचं चित्र उमटतं. झाडाने मुळातून शोषलेलं सिझियम असेल तर सगळं पान हलकंसं उजळतं. कण नुसते वर बसलेले असतील तर काळोखात ठिपके दिसतात, टिकली लावावी तसे सुटे सुटे. टोकियो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ च्या वसंतात फुकुशिमातल्या गव्हाची अशी चित्रं घेतली. अपघाताच्या वेळी जी पानं उघडी होती त्यांवर ठिपकेच ठिपके. नंतर फुटलेली पानं जवळपास कोरी. म्हणजे पहिल्या वर्षी बहुतेक सगळं वरून आलं होतं, मुळांतून अगदी थोडं.

हे एकदा कळल्यावर काम कुठे करायचं तेही कळलं. पीच आणि नासपतीच्या बागायतदारांनी त्या हिवाळ्यात एकेका झाडाची साल जोराच्या पाण्याने धुऊन काढली. हजारो झाडं, थंडीत, हाताने. त्या कामाची छायाचित्रं मी मुलांना वर्गात दाखवते.

चेर्नोबिलचे कण वेगळे. तिथे इंधनच फुटून उडालं होतं, म्हणून ते युरेनियम ऑक्साइडचे तुकडे. ते मातीत वर्षानुवर्षं हळूहळू विरघळतात आणि आतलं स्ट्रॉन्शियम मोकळं होत जातं. त्यामुळे काही जमिनींत अपघातानंतर काही वर्षांनी झाडांत जाणारं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं. कण कसा जन्मला त्यावर त्याचं पुढचं वागणं ठरतं.

मुळं कुणाला आत घेतात

मुळाला किरणं कळत नाहीत. त्याला कळतो पोटॅशियम. पानाचं रंध्र उघडायला, फळात रस भरायला झाडाला तो रोज लागतो, आणि तो आत घ्यायला मुळांवर खास दारं असतात. सिझियम हा पोटॅशियमच्याच घराण्यातला, थोडा मोठा भाऊ. दारातली गर्दी पाहून तोही आत शिरतो. मातीत पोटॅशियम भरपूर असेल तर त्याला जागा मिळत नाही. मातीत तुटवडा असेल तर भुकेलं मूळ जास्त दारं उघडतं, आणि सिझियमचं फावतं. स्ट्रॉन्शियमचं असंच नातं कॅल्शियमशी.

फुकुशिमाच्या भातशेतीत ही गोष्ट उपयोगी पडली. दर १०० ग्रॅम मातीत निदान २५ मिलिग्रॅम पोटॅश असावं असं ठरवून खत दिलं गेलं. २०१२ च्या हंगामापासून प्रांतातलं भाताचं प्रत्येक पोतं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती, पट्ट्यावरून सरकवत मोजलं. मर्यादा किलोला १०० बेकरेल. पहिल्या वर्षी ७१ पोती मर्यादेबाहेर निघाली, २०१३ मध्ये २८, २०१४ मध्ये २, आणि २०१५ पासून एकही नाही.

त्याच काळात लोकांनी मोठ्या आशेने सूर्यफुलं लावली होती, ती सिझियम ओढून घेतील म्हणून. जपानच्या कृषी खात्याने मोजलं तर मातीतल्या सिझियमचा साधारण दोन हजारावा भागच फुलांत आला होता. कारण तिथल्या मातीतल्या अभ्रकासारख्या चिकणमातीने सिझियम पापुद्र्यांत घट्ट पकडून ठेवलं होतं. सूर्यफुलांना ते मिळणारच नव्हतं, आणि भातालाही म्हणूनच फार मिळालं नाही.

इथे मी थांबून आपल्या मातीबद्दल बोलते. गोव्याची तांबडी जांभ्याची माती पावसाने पिळून काढलेली. तिच्यात ती अभ्रकासारखी चिकणमाती कमी, केओलिन ही दुसऱ्या जातीची चिकणमाती जास्त. केओलिन पोटॅश धरून ठेवत नाही आणि सिझियमही तितकं घट्ट पकडत नाही. आंबट, पोटॅश कमी असलेली माती. म्हणजे तेवढंच सिझियम पडलं तर जपानच्या चिकणमातीच्या शेतापेक्षा आपल्या कुळागरात ते झाडाला सहज मिळण्याची शक्यता जास्त. ही घाबरवायची गोष्ट म्हणून सांगत नाही. आपल्या जमिनीचा स्वभाव असा आहे आणि परक्या देशातले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, एवढं ओळखून असावं.

जाता जाता, मुद्दाम दिलेल्या किरणांबद्दल. १९२८ मध्ये लुई स्टॅडलर यांनी बार्लीला क्ष-किरण देऊन नवे गुण मिळवले, आणि तेव्हापासून जगभरात ३ हजारांहून जास्त वाण या वाटेने आले. महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेला टीएजी-२४ भुईमूग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण देतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे देतात, आतली कीड निपजू नये म्हणून. ही सगळी ऊब आहे, राख नाही. तो कांदा, तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही.

मग कैगाचं काय

कैगा काळी नदीकाठी, कारवारच्या वरच्या अंगाला. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या, जड पाण्यावर चालणाऱ्या. अशा भट्टीत ट्रिशियम तयार होतं, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. ते पाण्याच्याच रूपात हिंडतं, पानातून आत जातं आणि बहुतेक सगळं पानातूनच वाफ होऊन परत जातं. हवा स्वच्छ झाली की काही दिवसांत पान रिकामं होतं. थोडा भाग पिष्टात, धाग्यात गुंतून राहतो आणि तो जास्त काळ टिकतो. ट्रिशियमची किरणं फार दुबळी, कातडीही ओलांडत नाहीत. देशातल्या प्रत्येक अणुकेंद्राजवळ पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा असते, कैगालाही आहे. तिथे पाणी, गवत, दूध, मासे, भाजी यांचे नमुने तपासले जातात. सामान्य माणसासाठी अशा केंद्रामुळे मिळणाऱ्या किरणांची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे (सीव्हर्ट म्हणजे माणसाच्या शरीरावरचा परिणाम धरून केलेलं ग्रेसारखंच माप). निसर्गातून आपल्याला मिळतात त्या जगात सरासरी २.४. हे आकडे लोलये, पोळे, माजाळीच्या लोकांना त्यांच्या बोलीत, ग्रामसभेत वाचून दाखवले जावेत असं मला मनापासून वाटतं. माणसं आकड्यांना घाबरत नाहीत, न सांगितलेल्या गोष्टींना घाबरतात.

आणि कधी खरंच अपघात झाला, तर माडाकडे बघत बसायचं नाही. पहिले काही आठवडे आयोडिनचे. ते गवतावर पडतं, गाय चरते, दुधात उतरतं आणि मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. चेर्नोबिलच्या मुलांना सगळ्यात जास्त भोवलं ते हे दूध. म्हणून आधी गाय गोठ्यात, जुना पेंढा खायला, आणि उघड्यावरची पालेभाजी बंद. नारळाचं पाणी कवटीत झाकलेलं असतं. त्याची पाळी मुळांच्या वाटेने, फार नंतर येते.

मामा हे सगळं शांतपणे ऐकत होते. मामी चुलीतली राख घमेल्यात भरून माडांच्या आळ्यात टाकायला निघाल्या होत्या, तिकडे बोट करून त्यांनी विचारलं, "मग तुझा तो पोटॅशियम या राखेत पण असेल?"

असतो. एका किलो राखेत ५० ग्रॅम धरला तर दीड हजार बेकरेल झाले. आणि तीच राख माडाला पोटॅश देते, ज्यामुळे मुळं सिझियमसाठी जादा दारं उघडत नाहीत. मामांनी घमेल्यात हात घातला, चिमूटभर राख बोटांत चोळून पाहिली.

"बरं. आता त्या कोळ्यावर काय मारू, तेवढं लिहून दे."

कडुनिंबाचं तेल, लसणाचा रस आणि साबणाचं पाणी, असं मी त्यांच्या कालनिर्णयाच्या पाठीमागे लिहून दिलं. पावसाळ्यापूर्वी एकदा, नंतर एकदा, घडांवर, टोपीच्या कडेला लागेल असं.